भिंतीवरचं नाक

कराडच्या संगम लोणची संघात त्या सकाळी जे भांडण झालं ते लोणच्यावरून नव्हतं, हे ऐकून कुणालाही नवल वाटेल. भांडण होतं आकडे कुठे ठेवायचे यावरून. आणि ते सासू-सुनेत जुंपलं होतं, त्यामुळे बाकीच्या बायकांनी कैऱ्या पुसायचं काम मुद्दाम जवळ ओढून घेतलं होतं.

सून म्हणजे चारुशीला जगदाळे. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेली, संघातली सगळी यंत्रं तिच्या ताब्यात. सासू म्हणजे रत्नप्रभाबाई, संघाच्या अध्यक्ष आणि कालवणाऱ्या बायकांतला पहिला हात. 'हात' हा त्या संघाचा खास शब्द. कैऱ्या यंत्र धुवायचं, मोहरी यंत्र भरडायचं, पण फोडींना मसाला चोळायचा तो बाईच्याच हाताने, आणि जिने कालवलं तिचं नाव बरणीवर लिहायचं. 'हात: हसीना.' 'हात: रत्नप्रभा.' गिऱ्हाईक नावाने बरणी मागायचं. बरणी बिघडली, तर त्या बाईने उरलेला हंगाम कालवायचं नाही, अडकित्त्यावर बसून कैऱ्या फोडायच्या. हा नियम रत्नप्रभाबाईंनीच केलेला, आणि तो त्यांनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही लावला होता. चारुशीलेला तर लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मसाल्याच्या परातीत बोट घालायची परवानगी नव्हती. "तू तुझी बटणं दाब," एवढंच तिला ऐकायला मिळे.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बेचाळीस साली, नाकं स्वस्त झाली होती. नखाएवढी पातळ टिकली. तिच्यावर साठ-सत्तर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर वेगळ्या जातीच्या प्रथिनाचा लेप. हवेतले वासाचे कण लेपाला चिकटले की त्या ठिपक्यातून जाणारी वीज किंचित कमी-जास्त होते. टिकली दर थोड्या सेकंदांनी सगळ्या ठिपक्यांचे आकडे पाठवत राहते. बस, एवढंच तिचं काम. तिला हिंग कळत नाही की बुरशी कळत नाही. आज कालच्यासारखंच आहे की वेगळं, हे आकड्यांची रांग बघणाऱ्यालाच कळतं. एकट्या आकड्याला वास नसतो, रांगेला असतो. म्हणून टिकल्या आणणं सोपं होतं. त्या रांगा कुठे आणि कशा ठेवायच्या, तिथे घोडं अडलं होतं.

चारुशीलेने तीन पर्याय आणले होते.

"पहिली सेवा आयती आहे," ती म्हणाली. "आकडे त्यांच्याकडे जातात, चित्रं तेच काढून देतात. चित्रं तर अशी की बघत राहावं. पण महिना उलटला की जुने आकडे टाकून देतात आणि दिवसाची एक सरासरी ठेवतात."

"मग बरंय की," हसीना मुल्ला म्हणाली. हसीनाभाभी म्हणजे संघातला दुसऱ्या नंबरचा हात, आणि पहिल्या नंबरचं तोंड.

"बरं कसलं, भाभी? सगळ्या बरण्या एका घंगाळात ओतायच्या आणि वर चमचाभर चाखायचं, तशातली गत. एका बरणीला तासभर बुरशीचा वास आला, तर दिवसाच्या सरासरीत तो बुडाला म्हणून समजा. आता दुसरी सेवा. मागच्या आकड्यापेक्षा नवा आकडा ठळक वेगळा असला तरच ती लिहून घेते, नाहीतर गप्प बसते. जागा कमी लागते. पण जे मुंगीच्या पावलाने वाढतं, ते तिला कधी दिसायचंच नाही. तिसरा आपला स्वतःचा डबा. संघातच ठेवायचा. प्रत्येक आकडा वेळेसकट, जसाच्या तसा. चित्रं आपली आपण काढायची. साधी येतील, पण मागे जाऊन हवं ते बघता येईल."

"म्हणजे अडगळ," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मुरलेलं लोणचं ठेवतात गं. जुना वास कोण ठेवतं?"

बायका फिस्सकन हसल्या. चारुशीलेचे कान लाल झाले.

"बरणी कधीपासून बिघडायला लागली हे बघायचं तर जुनाच वास लागेल, आत्या."

"मग मला विचारायचं. माझं नाक आहे अजून जाग्यावर!" रत्नप्रभाबाई एवढ्या तडकल्या की पुसायला घेतलेली कैरी त्यांच्या हातून निसटली. सगळ्यांना वाटलं, सासू आहे, तडकायचीच.

हात वर करून मत घेतलं, आणि डबा जिंकला. अध्यक्षांचा हात खालीच राहिला. हसीनाभाभीने डब्याला हळदकुंकू लावून फडताळात बसवलं आणि त्याचं नाव 'रांजण' ठेवलं. टिकल्या बरण्यांच्या झाकणांत बसल्या, आणि कालवायच्या खोलीत प्रत्येक बाईच्या पाटामागे भिंतीवरही एकेक बसली.

त्यानंतरचे दोन हंगाम सोन्यासारखे गेले. बरणी बिघडायच्या बेतात असली की रांजण आधीच ओरडायचा. मग त्या बरणीत वरून तेल घाल, तोंडाला नवा दादरा बांध, सावलीत हलव, असं करून ती वाचायची. कुणावर अडकित्त्यावर बसायची पाळी आली नाही. चारुशीला मनातून फार खुशीत होती. सासूबाईंनी मात्र एक शब्द काढला नाही. कौतुक हा पदार्थ जगदाळ्यांच्या घरात हिंगासारखा, चिमटीनेच वापरतात.

चित्रं काढायचं चारुशीलेला हळूहळू वेडच लागलं. तिसऱ्या हंगामाच्या तोंडाला तिने भिंतीवरच्या नाकांचे सगळे जुने आकडे काढले आणि कुणाच्या हाताला कसा वास, असे एकाखाली एक मांडले. हौस म्हणून, दुसरं काही नाही. मोहरी उसळलेली दिसली, हिंग दिसला, हळद दिसली. आणि एका कोपऱ्यातला ठिपका दिसला, ज्याच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. हसीनाभाभी पाटावर असताना तो गप्प. बाकीच्या बायका असताना गप्प. रत्नप्रभाबाई बसल्या की तो उठायचा, आणि त्या उठल्या की बसायचा. शिवाय पहिल्या हंगामापेक्षा दुसऱ्यात जरा वर, दुसऱ्यापेक्षा आता आणखी वर.

लोणच्याच्या संघात माणसाचं डोकंही लोणच्यातच चालतं. चारुशीलेला वाटलं, हिंग! सगळ्या जणी संघाचा हिंग वापरायच्या, पण रत्नप्रभाबाईंचा हिंग वेगळा, त्यांच्या स्वतःच्या पितळी डब्यातला. तोच खराब होत चाललाय. पण हे त्यांना सांगणार कोण? वाघाच्या जबड्यात हात घालण्यातला प्रकार. तेव्हा तिने गुपचूप डब्यातला हिंग बदलून संघाचा भरला आणि श्वास रोखून वाट बघत बसली.

काही झालं नाही. ज्या बाईला पूर्वी दारातून शेजारणीच्या फोडणीतला हिंग कळायचा, तिला आपल्या डब्यातला बदललेला हिंग कळला नाही! चारुशीलेला गुदगुल्या झाल्या. 'माझा हिंग, माझा हिंग' म्हणून एवढा तोरा, आणि फरक कळत नाही तो नाहीच. तिने नवऱ्याला, विक्रांतला, जेवताना हळूच सांगितलं आणि दोघं पोटभर हसली. ते हसू तिला पुढे फार दिवस बोचत राहिलं.

कारण हिंग बदलूनही रेघ हलली नाही. मग तिने सासूबाईंचा साबण बदलला, डोक्याचं तेल बदललं. "आज माझे एवढे लाड कशाला गं?" रत्नप्रभाबाई संशयाने म्हणाल्या. रेघ तशीच. मग अक्षय्यतृतीया आली. संघाला सुट्टी, खोली धुवून स्वच्छ केलेली, कैरी नाही की मसाला नाही. दुपारी घरात उकडायला लागलं म्हणून रत्नप्रभाबाई किल्ली घेऊन त्या थंडगार खोलीत जाऊन पाटावर टेकल्या, डुलकी काढली, परत आल्या. दुसऱ्या दिवशी चारुशीलेने आकडे पाहिले. सगळे ठिपके झोपलेले होते, तो एक सोडून.

वास लोणच्याचा नव्हता. माणसाचा होता.

टिकल्या वापरणाऱ्यांनी मिळून वासांचा एक खुला कोश केला होता. आपली रांग त्यात टाकायची, तो जवळची जोडी शोधून देतो. चारुशीलेने रांग टाकली, आणि उत्तर वाचता वाचता ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलातले काही घटक. कस्तुरीसारखा, इतका मंद वास की हजारात एखाद्याच माणसाला यावा. कंपवात होणार असला की तो काही वर्षं आधीपासून वाढत जातो. मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या पेशी एकेक करून मरू लागलेल्या असतात, आणि हात थरथरेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. त्या पेशी वाचवणारं औषध नुकतंच निघालं होतं. पण ते थरथर सुरू व्हायच्या आधी घेतलं तरच.

मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. चालताना आत्यांचा उजवा हात हलायचा थांबला होता. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या त्या स्वतः लिहायच्या. त्यांचं अक्षर पूर्वी टपोरं, आता मुंगीएवढं. हसीनाभाभी चिडवायचीसुद्धा, "काय आक्का, शाई महागली का?" आणि हिंग... हिंगाचं आठवून चारुशीलेला रडू फुटलं. कंपवातात सगळ्यांत आधी जातो तो वास, असं त्या उत्तरातच लिहिलं होतं.

"हंगाम होऊ दे," सगळं ऐकून विक्रांत म्हणाला. "आत्ता सांगितलंस तर आई खचेल. तिचा हात म्हणजेच ती आहे गं."

"हात आहे तोवर सांगायला हवं ना मग," चारुशीला म्हणाली.

सांगायचं खरं, पण दाखवायचं कसं? तिने चित्र काढायला घेतलं. यंत्रावर सोडलं तर ते सगळ्यांत खालचा आकडा तळाला टेकवतं आणि सगळ्यांत वरचा माथ्याला. रेघ सदाशिवगडाचा कडा चढावी तशी दिसली. मोजपट्टी शून्यापासून घेतली, तर रेघ पाटासारखी सपाट. दोन्ही चित्रांत खोटा आकडा एकही नव्हता. एकात सासू आता टेकलीच असं दिसत होतं, दुसऱ्यात ठणठणीत. हे भलतंच ओझं आपल्या बोटांवर आलंय, असं तिला वाटलं. शेवटी तिने संघातल्या सगळ्या बायकांच्या रेघा एकाच मोजपट्टीवर, एकाच रंगात काढल्या. नावं लिहिली नाहीत. बाकीच्या सगळ्या एकीला एक लगटून सरळ चालल्या होत्या. एक त्यांच्यातून निघून सावकाश वर चालली होती.

सकाळी बाकीच्या यायच्या आत तिने ते रत्नप्रभाबाईंपुढे धरलं.

"ही वेगळी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"माझ्या लोणच्याची?"

"नाही, आत्या. तुमची." आणि तिने सगळं सांगितलं, वास, कोश, कंपवात, औषध. मध्ये एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

रत्नप्रभाबाईंचा आवाज चढला. "म्हणजे दोन वर्षं तू माझा वास घेत होतीस?"

"मी लोणच्याचा घेत होते. तुम्ही मध्ये आलात."

एरवी दोघी हसल्या असत्या. "पुसून टाक," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. मी काय कैरी आहे का गं, झाकण उघडून बघायला?"

"पुसते. तुमचं आहे, तुम्ही म्हणाल तर पुसते." चारुशीलेने रांजण उघडला, सासूबाईंच्या रांगा निवडल्या. बोट बटणावर ठेवून ती म्हणाली, "पण आधी एक सांगायचंय. तुमच्या डब्यातला हिंग मी बदलला होता. महिना झाला. तुम्हाला कळलं नाही."

रत्नप्रभाबाई पाटावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"कळणार कसं?" त्या म्हणाल्या. "मला वासच येत नाही, चारू."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला 'चारू' कधी म्हटलं नव्हतं.

"कधीपासून?"

"तू ती नाकं आणलीस ना, त्याच्याही आधीपासून. फोडणी जळली तरी धूर दिसेपर्यंत समजत नाही. हाताला कसं लागतं, फोडीला तेल कसं सुटतं, त्यावर कालवते. हिंग चिमटीने. सवयच आहे हाताला. कुणाला सांगणार? अध्यक्षाच्या नाकाला वास नाही म्हणून? म्हणून तर अडवत होते तुला. म्हटलं, ही टिकली एक दिवस मला अडकित्त्यावर बसवणार." त्यांनी डोळे पुसले. "भ्याले गं मी."

"मीही भ्याले," चारुशीला म्हणाली. "तुमची भीती तर मला रोजच वाटते. पण ही ती नाही. ही तुमच्यासाठी वाटली." आणि मग तिचा बांध फुटला. सासूने सुनेच्या पाठीवर हात ठेवला. तो अजून थरथरत नव्हता.

थोड्या वेळाने रत्नप्रभाबाईंनी नाक शिंकरलं आणि विचारलं, "डॉक्टरला हेच चित्र दाखवायचं का?"

"चित्र नको. आकडे देऊ, जसेच्या तसे. चित्र त्यांचं ते काढतील."

"आणि ती सरासरीवाली सेवा घेतली असती तर?"

"तर तुम्ही तिच्यात बुडाला असतात, आत्या."

"हं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "काढ ते बोट बटणावरून."

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, निदान खरं ठरलं. पण त्यांना जास्त हवी होती ती रांजणातली रांग. रोग कुठे सुरू झाला आणि कोणत्या वेगाने चाललाय, हे एरवी अंदाजाने ठरवावं लागतं. इथे ते लिहूनच ठेवलं होतं. त्यावरून औषधाची मात्रा बसली. हात शाबूत राहतील, आखडलेला उजवा हातही सुटेल, त्या म्हणाल्या. गेलेला वास मात्र परत येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. येताना कात्रजचा घाट उतरल्यावर रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "दोन्हींतलं एकच ठेव म्हटलं असतं, तर मी हातच मागितला असता." आणि शिरवळला त्यांनी वडापाव मागवला.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वासाचं, रोगाचं, हिंगाचं, सगळं. मग दोन ठराव मांडले. एक, भिंतीवरच्या नाकाला एखाद्या बाईबद्दल काही कळलं, तर ते तिचं. ठेवायचं की पुसायचं, ती सांगेल. तो एकमताने झाला. "माझं ठेवा," हसीनाभाभी म्हणाली, "आणि रोज छापून द्या. घरी कुणी विचारत तरी नाही कशी आहेस म्हणून!" दुसरा ठराव असा, की ज्या हातामागे नाक नाही त्या हाताने कालवू नये, सबब रत्नप्रभा जगदाळे यांनी अडकित्त्यावर बसावं.



"आक्का," हसीनाभाभीने विचारलं, "तुमची एक तरी बरणी बिघडली का?"

"नाही."

"मग बसा की गुमान पाटावर! ठराव मांडतायत."

ठराव पडला. हात एकच वर होता, तोही अध्यक्षांचा.

कैऱ्या आल्या. पहिली परात रत्नप्रभाबाईंनीच घेतली. फोडींना मीठ-हळद लावून झाली, खार निथळला, गार केलेली फोडणी पडली, आणि हात कोपरापर्यंत पिवळे करून त्या कालवू लागल्या. बायका बघतच राहिल्या, उजवा हात पूर्वीसारखा चौफेर फिरत होता. मध्येच तो थांबला.

"चारू, इकडे ये. हिंग बघ."

चारुशीलेने भिंतीकडे नजर टाकली. आकडे बघून सांगायला काय लागतं? पण सासूबाई परात पुढे करून थांबल्या होत्या. ती गुडघ्यांवर बसली, वाकून खोल श्वास घेतला. चौघींदेखत सांगायचं म्हणजे जिवावर आलं, पण ती म्हणाली, "कमी आहे. चिमूटभर."

"तू घाल."

तिने घातला. परातीत पहिल्यांदा तिची बोटं गेली आणि कुणी ओरडलं नाही.

बरण्या भरल्या. रत्नप्रभाबाईंनी हात धुतले, चष्मा लावला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. अक्षरं एवढी टपोरी आली की चिठ्ठी कडेपर्यंत भरली. 'हात: रत्नप्रभा.' त्या थांबल्या, खाली आणखी एक ओळ लिहिली. 'नाक: चारुशीला.'

"शाई स्वस्त झाली वाटतं," हसीनाभाभी म्हणाली, आणि लगेच पदराने डोळे टिपायला लागली.

"अहो आत्या," चारुशीला म्हणाली, "नाक तर भिंतीवर आहे."

"ते नुसतं हुंगतं," रत्नप्रभाबाई चिठ्ठीवर डिंक फिरवत म्हणाल्या. "माझ्या तोंडावर येऊन सांगायची छाती त्याला कुठे होती? धर ती बरणी नीट."

चारुशीलेने बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली, आणि सासूबाईंनी चिठ्ठी अंगठ्याने घट्ट दाबून बसवली.